दिल्ली फिरायला जाताय? मेट्रोचं टुरिस्ट कार्ड घेण्याआधी वहीच्या मागच्या पानावर हा हिशेब करा

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्याकडे पालकांचे फोन सुरू होतात. कुणाला अजमेरहून पुढे दिल्लीला जायचं असतं, कुणाच्या मुलाची जामियामध्ये प्रवेश परीक्षा असते आणि त्यासोबत सगळ्या घराचीच सहल ठरते. कुणाच्या दादींना हजरत निजामुद्दीनच्या दर्ग्यावर एकदा हाजिरी लावायची असते. आणि प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, ते टुरिस्ट कार्ड घ्यायचं का? एकदा पैसे भरले की दिवसभर कुठेही फिरा म्हणतात."

ऐकायला हे फार सोपं वाटतं. पण सहा माणसांचं कुटुंब असेल तर या एका निर्णयात हजार-दोन हजार रुपये इकडचे तिकडे होतात. वर्षभर भिशी भरून, थोडं थोडं बाजूला टाकून सहल काढणाऱ्या घरासाठी ही रक्कम लहान नाही. म्हणून हा हिशेब आम्ही इथे मांडून दाखवतो. पाचवीच्या गुणाकाराच्या पलीकडचं यात काहीच नाही.

कार्डात काय मिळतं, काय मिळत नाही

दिल्ली मेट्रोचं टुरिस्ट कार्ड दोन प्रकारचं असतं. एक दिवसाचं २०० रुपयांना आणि तीन दिवसांचं ५०० रुपयांना, असे त्याचे दर चालत आले आहेत. यातले ५० रुपये अनामत असतात आणि कार्ड परत केलं की ते मिळतात. म्हणजे खरा खर्च एक दिवसाचा १५० आणि तीन दिवसांचा ४५० रुपये.

आता इथेच थांबा आणि ४५० ला ३ ने भागा. उत्तर येतं १५०. म्हणजे तीन दिवसांचं कार्ड घेतलं तरी रोजचा दर एक रुपयानेही कमी होत नाही. आपल्याला सवय अशी की जास्त घेतलं की स्वस्त पडतं. डझनावर केळी घेतली की दुकानदार एखादं वरून देतो. इथे तसं काही नाही. उलट तीन दिवस सलग मोजले जातात. मधला एक दिवस आग्र्याला गेलात तर त्या दिवसाचे १५० रुपये वाया गेले असं समजा.

दुसरी गोष्ट, हे कार्ड फक्त मेट्रोत बसण्यासाठी आहे. लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा यांची तिकिटं त्यात येत नाहीत. स्टेशनबाहेरची रिक्षाही येत नाही. "टुरिस्ट" हा शब्द वाचून अनेकांचा समज होतो की आत जायचं तिकीटही त्यातच असेल. असा समज करून घेऊ नका.

तिसरी गोष्ट, कार्ड माणशी एक लागतं. एका कार्डावर अब्बा आत गेले आणि मग तेच कार्ड मागे अम्मीला दिलं, असं गेटवर चालत नाही.

मुलांचा आणि वडीलधाऱ्यांचा हिशेब वेगळा

आपल्या एसटीने आपल्याला चांगली सवय लावली आहे. महिलांना निम्मं तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास. दिल्ली मेट्रोत असं काही गृहीत धरू नका. तिथे ज्येष्ठांना तिकिटात सवलत नाही. लहान मुलांचं माप वयाने नाही, उंचीने ठरतं: मोठ्यांसोबत असलेलं तीन फुटांपर्यंतचं मूल मोफत, त्यावर पूर्ण तिकीट. म्हणजे तिसरीतल्या मुलाचंही पूर्ण तिकीट, आणि कार्ड घेतलं तर तेही पूर्ण किमतीचं.

पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये मात्र नेमकं उलटं आहे. तिथे १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. फक्त वयाचा पुरावा मागितला तर दाखवायला मुलांची आधार कार्डं जवळ ठेवा, विशेषतः आठवी-नववीतली उंच मुलं असतील तर. मोठ्यांना कुतुबमिनार आणि हुमायूनच्या मकबऱ्याचं तिकीट खिडकीवर ४० रुपये आणि ऑनलाइन काढलं तर ३५ रुपये. पुराना किल्ला, सफदरजंगचा मकबरा यांसारख्या ठिकाणी २५ आणि २० रुपये. घरूनच मोबाइलवर तिकीट काढलं तर पाच रुपये वाचतातच, आणि उन्हात दादींना घेऊन रांगेत उभं राहायचं टळतं, हा त्याहून मोठा फायदा.

आणि आपल्या घरांना जिथे सगळ्यात जास्त वेळ घालवायचा असतो, तिथे तिकीटच नाही. जामा मशिदीत नमाजला जायला पैसे लागत नाहीत. निजामुद्दीनचा दर्गा, तिथेच असलेली अमीर खुसरो यांची मजार, जवळच मिर्झा गालिबची कबर, मेहरौलीत ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकींचा दर्गा, यातल्या कशालाही प्रवेशशुल्क नाही. चादर-फुलांवर किती खर्च करायचा ते मात्र आधीच घरात ठरवून जा. गल्लीत शिरल्यावर चारी बाजूंनी आग्रह होतो आणि मग माणूस संकोचाने खिसा रिकामा करतो.

आता मेट्रोचं साधं तिकीट

२५ ऑगस्ट २०२५ पासून दिल्ली मेट्रोचे दर असे आहेत:

- २ किलोमीटरपर्यंत ११ रुपये
- २ ते ५ किलोमीटर २१ रुपये
- ५ ते १२ किलोमीटर ३२ रुपये
- १२ ते २१ किलोमीटर ४३ रुपये
- २१ ते ३२ किलोमीटर ५४ रुपये
- त्यापुढे ६४ रुपये

विमानतळाच्या एक्स्प्रेस मार्गाचे दर वेगळे असतात. रविवारी आणि राष्ट्रीय सुट्टीला नेहमीच्या मार्गांवर तिकीट आणखी स्वस्त असतं. ४३ च्या जागी ३२ आणि ३२ च्या जागी २१ रुपये पडतात. साधं स्मार्ट कार्ड असेल तर प्रत्येक फेरीला १० टक्के सूट मिळते.

आता प्रश्न असा: एका दिवसात १५० रुपये वसूल व्हायला किती फेऱ्या लागतील? ५४ रुपयांच्या तीन, किंवा ४३ रुपयांच्या चार, किंवा ३२ रुपयांच्या पाच, किंवा २१ रुपयांच्या आठ. सोबत गुडघेदुखी असलेल्या दादी आणि दर तासाला पाणी मागणारा लहानगा असताना एका दिवसात मेट्रोच्या पाच फेऱ्या होतात का, हे ज्याचं त्याने ठरवावं. आमच्या शाळेच्या सहलींचा अनुभव सांगतो की दोन होतात, फार तर तीन.

तीन दिवसांचं खरं उदाहरण

समजा सहा जण आहेत: अब्बा, अम्मी, दादी आणि तीन मुलं, तिघंही तीन फुटांपेक्षा उंच. मुक्काम जामा मशिदीच्या परिसरातल्या एखाद्या साध्या हॉटेलात.

पहिला दिवस जुन्या दिल्लीचा. लाल किल्ला, जामा मशीद, बल्लीमारानच्या गल्ली कासिम जानमधली गालिबची हवेली, चांदनी चौक. हे सगळं पायी किंवा सायकल रिक्षाने होतं. मेट्रोचा खर्च शून्य.

दुसरा दिवस हुमायूनचा मकबरा आणि निजामुद्दीन. जामा मशीद स्टेशनवरून व्हायोलेट लाइनने थेट जवाहरलाल नेहरू स्टेडियम, तिथून रिक्षा. मेट्रो जाताना ३२, येताना ३२. माणशी ६४ रुपये.

तिसरा दिवस कुतुबमिनार आणि मेहरौली. चावडी बाजार स्टेशनवरून यलो लाइनने गाडी न बदलता कुतुबमिनार. जाताना ४३, येताना ४३. माणशी ८६ रुपये.

बेरीज माणशी १५० रुपये. वाटेत इंडिया गेटसाठी उतरलात, किंवा एखादी लहान फेरी वाढली, म्हणून ५० रुपये वर धरा. झाले २००. सहा जणांचे १,२००.

टुरिस्ट कार्ड घेतलं असतं तर? ४५० गुणिले सहा, म्हणजे २,७०० रुपये. शिवाय अनामतीचे ३०० रुपये आधी भरायचे आणि परतीची गाडी पकडायच्या घाईत सहा कार्डं खिडकीवर नेऊन ते परत मागायचे.

फरक १,५०० रुपयांचा. या पैशात स्टेडियम स्टेशनपासून दर्ग्यापर्यंत आणि कुतुबमिनार स्टेशनपासून मिनारापर्यंत रिक्षा करता येते. दादींना चालावं लागत नाही आणि रात्री मटिया महलमध्ये सगळ्यांचं पोटभर जेवणही होतं.

मग हे कार्ड कुणी घ्यावं?

कार्ड वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. काहींना ते नक्की परवडतं. मुक्काम गुरुग्राम किंवा नोएडाला नातेवाइकांकडे असेल आणि रोज ५४ रुपयांच्या दोन फेऱ्या ठरलेल्याच असतील, तर १०८ रुपये तिथेच झाले. मध्ये ३२ च्या आणखी दोन फेऱ्या झाल्या की १७२. अशा वेळी एक दिवसाचं कार्ड घ्यावं. एकटा तरुण, पाठीवर पिशवी, सकाळी आठला निघून रात्री दहापर्यंत पाच-सहा ठिकाणं करणारा, त्यालाही ते परवडेल.

ओखला, जामियानगर भागात उतरणाऱ्यांनी मात्र नीट पाहावं. तिथून जुनी दिल्ली जाऊन-येऊन ८६ रुपयांच्या आसपास होते. दिवसाला तेवढाच प्रवास असेल तर कार्ड नको. त्यात ४३ च्या आणखी दोन फेऱ्या असतील तरच घ्या.

त्यातही सगळ्या दिवसांसाठी एकच निर्णय घ्यायची गरज नाही. ज्या दिवशी जास्त फिरणं आहे त्या दिवसापुरतं एक दिवसाचं कार्ड, बाकी दिवस साधं तिकीट. तीन दिवसांच्या कार्डाने रोजचा दर कमी होत नाही हे वर पाहिलंच, त्यामुळे यात तोटा काहीच नाही.

वार पाहून बेत ठरवा

कार्डापेक्षाही जास्त पैसे वार चुकल्याने वाया जातात. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. गालिबची हवेली आणि राष्ट्रीय संग्रहालयही सोमवारी बंद. कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा रोज उघडे असतात, म्हणून सोमवार तिकडे द्यावा. जुम्याचा दिवस जुन्या दिल्लीला ठेवला तर जामा मशिदीत नमाज मिळते. आग्र्याचा बेत असेल तर शुक्रवार अजिबात नको, कारण त्या दिवशी ताजमहाल पर्यटकांसाठी बंद असतो. ताजचं तिकीट आपल्याला ५० रुपये आणि मुख्य मकबऱ्यात जायचं असेल तर वर २०० रुपये. १५ वर्षांखालच्या मुलांना तिथेही मोफत. निजामुद्दीनला कव्वाली ऐकायची असेल तर गुरुवारची संध्याकाळ गाठा.

पैसे वसूल करण्याच्या नादात

हिशेबापलीकडची एक गोष्टही सांगितली पाहिजे. पास हातात आला की माणसाचं मन बदलतं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने तीन दिवसांची कार्डं घेतली आणि मग "पैसे भरलेत ना, चला अजून एक ठिकाण" असं सुरू झालं. दर्ग्याच्या सहनमध्ये आजींना असरपासून मगरिबपर्यंत बसायचं होतं. त्यांना वीस मिनिटांत उठवलं, कारण कार्डावर अजून एक मॉल बघायचा होता. ज्या हाजिरीसाठी त्या बाई इतक्या लांब आल्या होत्या, तीच घाईत उरकली गेली. वाचवायला निघालेले पैसे जर सहलीचा हेतूच खाऊन टाकत असतील, तर ती बचत कसली? आपल्याकडे फुजूलखर्चीला नाव ठेवतात ते उगाच नाही, आणि वेळेचीही फुजूलखर्ची होतेच.

निघण्याआधी एवढं करा

मुलांच्या वहीचं मागचं पान घ्या. प्रत्येक दिवसापुढे ठिकाणं लिहा, जवळचं स्टेशन लिहा, मेट्रोच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर त्या फेरीचं तिकीट बघून समोर मांडा. बेरीज घरातल्या आठवीच्या मुलाला किंवा मुलीला करायला द्या. एका दिवसाची बेरीज १५० च्या वर गेली तर त्या दिवसाचं कार्ड, नाहीतर साधं तिकीट. स्टेशनवर पोहोचल्यावर खिडकीवर त्या दिवशीचा कार्डाचा दर विचारून घ्या आणि बदलला असेल तर १५० च्या जागी नवा आकडा धरा.

एजंटमार्फत जात असाल आणि त्याने "सिटी पास सामील" असं लिहिलं असेल, तर तीन प्रश्न विचारा: यात वास्तूंची तिकिटं आहेत का? १५ वर्षांखालच्या मुलांचे पैसे का लावलेत? मशीद-दर्ग्यांची नावं "प्रवेश सामील" या यादीत कशी आली, जिथे मुळात तिकीटच नाही? उत्तरं लेखी मागा. त्या उत्तरांवरूनच त्या पासची किंमत तुम्हाला कळेल.