आठ तारांची संगत: अमेरिकेतील मँडोलिन मेळाव्यांची परंपरा

अमेरिकेतील मँडोलिनवादनाची परंपरा गेल्या साठ वर्षांत प्रामुख्याने शनिवार-रविवारला जोडून भरणाऱ्या मेळाव्यांनी जोपासली आहे. शुक्रवारी वादक एखाद्या गावाबाहेरच्या मैदानावर, शिबिरस्थळी किंवा हॉटेलच्या सभागृहात जमतात, दिवसा जाणत्या वादकांकडून शिकतात, रात्री कोंडाळे करून एकत्र वाजवतात आणि रविवारी सायंकाळी आपापल्या नोकरीधंद्याकडे परततात. त्यांत व्यावसायिक कलावंत थोडे आणि हौशी वादक अधिक असतात. वरवर पाहता हा केवळ छंदिष्टांचा विरंगुळा वाटतो. परंतु या वाद्याची घडण आणि त्याचा इतिहास एकत्र पाहिला, तर बाजारपेठेने सोडून दिलेले एक वाद्य या मेळाव्यांनी सावरले आणि मेळाव्यांचे शिस्तशीर नियमही बहुतांशी त्या वाद्याच्या स्वभावातूनच आले, हे स्पष्ट होते.

मँडोलिन हे आखूड मानेचे, पिकने छेडून वाजवायचे वाद्य आहे. त्याच्या आठ तारा दोन-दोनच्या चार जोड्यांत बसवलेल्या असून जोडीतील दोन्ही तारा एकाच स्वरात लावतात. या जोड्यांचे स्वर खालून वर जी, डी, ए आणि ई असे आहेत, म्हणजे प्रत्येक जोडी ही आधीच्या जोडीचा पंचम असते. व्हायोलिनच्या तारा नेमक्या याच स्वरांत लावल्या जात असल्याने व्हायोलिनवर बसलेली धून त्याच बोटांनी मँडोलिनवर उतरवता येते. मात्र येथे गज नसतो आणि मानेवर धातूचे पडदे असतात, त्यामुळे स्वरस्थान चाचपडावे लागत नाही. गज नसल्याची किंमतही मोजावी लागते, कारण छेडलेला स्वर क्षणात विरतो आणि लांब स्वर हवा असेल, तर पिक खाली-वर अतिशय जलद फिरवून तो अखंड असल्याचा भास निर्माण करावा लागतो. या क्रियेला ट्रेमोलो म्हणतात.

तारांच्या जोड्या हे या वाद्याचे सौंदर्य आहे आणि तीच त्याची डोकेदुखीही आहे. जोडीतील एक तार केसभर जरी उतरली, तरी दोन स्वरांच्या घर्षणातून लाटा उठतात आणि स्वर थरथरू लागतो. आठही तारांचा एकत्रित ताण सुमारे ७५ ते ८० किलो असतो, आणि ज्या घोडीवरून त्या जातात ती घोडी लाकडाला चिकटवलेली नसते. ती केवळ तारांच्या दाबाने जागेवर उभी राहते. प्रवासात ती किंचित सरकली, तरी मोकळ्या तारा सुरात असूनही वरच्या पडद्यांवरचे स्वर बिनसतात. वीस वादक एका खोलीत जमले म्हणजे एकशे साठ तारा एकमेकींशी जुळवायच्या असतात. म्हणून कोणत्याही मेळाव्याचा पहिला कार्यक्रम, पत्रिकेत छापलेला नसला तरी, सूर जुळवण्याचाच असतो.

या वाद्याचे आजचे रूप दोन वेगवेगळ्या ठिकाणी घडले. अठराव्या शतकात इटलीतील नेपल्स शहरात विनाच्चिया घराण्यातील कारागिरांनी लाकडाच्या पातळ पट्ट्या जोडून केलेल्या, खोलगट पाठीच्या मँडोलिनला लौकिक मिळवून दिला. अमेरिकेत मात्र त्याची लाट एका गैरसमजातून उसळली. १८८० मध्ये ‘स्पॅनिश स्टुडंट्स’ म्हणून ओळखला जाणारा वादकांचा एक संच न्यूयॉर्कला आला. त्यांच्या हाती बंदूरिया नावाचे, जोडतारांचे स्पॅनिश वाद्य होते. परंतु न्यूयॉर्कमधील स्थलांतरित इटालियन वादकांनी तशाच वेशात आणि तशाच नावाने मँडोलिनचे कार्यक्रम सुरू केले आणि श्रोत्यांनी ते तितक्याच उत्साहाने स्वीकारले. पुढील तीन दशकांत महाविद्यालयांत आणि लहान-लहान गावांत मँडोलिन क्लब निघाले. पहिले व दुसरे मँडोलिन, त्याहून खालच्या स्वराचा मँडोला आणि आणखी खर्जातला मँडोचेलो अशी व्हायोलिन-कुळाच्या धर्तीवरची मांडणी करून पूर्ण वाद्यवृंद उभे राहिले. या काळापासूनच मँडोलिन हे अमेरिकेत एकट्याने वाजवण्याऐवजी मंडळात बसून वाजवण्याचे वाद्य ठरले.

मिशिगन राज्यातील कॅलामाझू येथील ऑरव्हिल गिब्सन यांनी या वाद्याची घडणच बदलली. पट्ट्या वाकवून पाठ करण्याऐवजी व्हायोलिनप्रमाणे जाड फळी कोरून पुढची व मागची बाजू घडवण्याच्या त्यांच्या पद्धतीस १८९८ मध्ये पेटंट मिळाले आणि १९०२ मध्ये त्यांच्या नावाची कंपनी स्थापन झाली. १९१९ ते १९२४ या काळात कंपनीत काम करणारे लॉइड लोअर हे स्वतः मँडोलिनवादक होते. त्यांच्या देखरेखीखाली १९२२ मध्ये एफ-५ हे मॉडेल तयार झाले. त्यात स्प्रूस लाकडाचा पुढचा भाग आणि मेपलची पाठ होती. मधल्या लंबगोल छिद्राऐवजी व्हायोलिनसारखी दोन नागमोडी छिद्रे आली, पोटात लांबीच्या दिशेने दोन आधारपट्ट्या बसल्या आणि मान लांबल्यामुळे घोडी पुढच्या फळीच्या मध्याकडे सरकली. या बदलांमुळे स्वर कोरडा, टोकदार आणि दूरवर पोचणारा झाला. परंतु तोवर जॅझ व नृत्यसंगीताच्या जमान्यात बँजोने बाजी मारली होती आणि मँडोलिनचे वाद्यवृंद ओसरू लागले होते. जे वाद्य पुढे या कुळाचा मानदंड ठरले, ते बाजारात आले तेव्हा त्याला गिऱ्हाईक उरले नव्हते.

त्याला खरा धनी दोन दशकांनी भेटला. केंटकी राज्यातील रोझिन या गावी १९११ मध्ये जन्मलेल्या बिल मन्रो यांना लहानपणी मँडोलिन मिळाले, ते थोरल्या भावांनी व्हायोलिन आणि गिटार आधीच बळकावल्यामुळे. आणि आवाज फार होऊ नये म्हणून आठऐवजी चारच तारा लावण्याची ताकीदही त्यांना मिळाली होती, असे सांगितले जाते. १९३९ मध्ये ते नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नभोवाणी कार्यक्रमात दाखल झाले. त्यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या संचाच्या नावावरूनच ब्लूग्रास ही संगीतशैली ओळखली जाऊ लागली. १९४०च्या दशकात फ्लोरिडातील एका न्हाव्याच्या दुकानात विक्रीस ठेवलेले, लोअर यांची ९ जुलै १९२३ या तारखेची स्वाक्षरी असलेले एफ-५ त्यांनी विकत घेतले आणि आयुष्यभर वाजवले. १९८५ मध्ये त्यांच्या घरात शिरलेल्या कोणीतरी ते फोडले, तेव्हा गिब्सन कंपनीतील कारागीर चार्ली डेरिंग्टन यांनी त्याचे बारीक तुकडे जुळवून ते पुन्हा वाजते केले.

मन्रो यांच्या शैलीतील सर्वांत दूरगामी गोष्ट म्हणजे चॉप. ब्लूग्रासच्या पारंपरिक संचात तालवाद्य नसते. बास खालच्या स्वरात सम दाखवतो आणि मधल्या रिकाम्या ठोक्यांवर मँडोलिन कोरडा आघात करते. डावा हात कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारा स्वरसमूह, असा धरतो की एकही तार मोकळी राहत नाही. उदाहरणार्थ, जी कॉर्डसाठी चार जोड्यांवर अनुक्रमे सातवा, पाचवा, दुसरा आणि तिसरा पडदा दाबला जातो. पिकचा फटका बसताच बोटे तारांवरच ठेवून फक्त दाब सोडला जातो आणि स्वर जागीच थिजतो. करंगळीला हा ताण सोसवेपर्यंत नवशिक्याला महिनोन्‌महिने लागतात. श्रोत्यांच्या लक्षात क्वचितच येणाऱ्या या आघातावर इतर सर्वांची लय तोललेली असते, आणि तो एकट्याने घरी बसून साधत नाही, कारण ज्याला आधार द्यायचा तो दुसरा वादक समोर असावा लागतो.

या गरजेला मेळाव्याचे रूप १९६०च्या दशकात मिळाले. कार्लटन हेनी यांनी सप्टेंबर १९६५ मधील लेबर डेच्या जोडसुटीत व्हर्जिनियातील फिनकासल येथे घोड्यांच्या एका फार्मवर भरवलेला महोत्सव हा ब्लूग्रासचा पहिला अनेकदिवसीय महोत्सव मानला जातो. त्यानंतर १९६७ मध्ये मन्रो यांनी इंडियाना राज्यातील बीन ब्लॉसम येथील आपल्या मालकीच्या मैदानावर स्वतःचा महोत्सव सुरू केला. तेथे सायंकाळच्या जॅममध्ये, म्हणजे सामूहिक वादनात, ते प्रेक्षकांतील हौशी वादकांना सोबत घेत. मंच आणि मैदान यांतील अंतर असे मिटल्यामुळे तंबूत व गाड्यांत मुक्काम ठोकणारे श्रोते वादकही झाले, आणि अनेकांच्या लेखी मंचावरील कार्यक्रमापेक्षा पहाटेपर्यंत चालणारी मैदानातील कोंडाळीच अधिक मोलाची ठरली.

या कोंडाळ्याचे नियम कोठेही टांगलेले नसतात, तरी ते कसोशीने पाळले जातात. ज्याची पाळी असेल तो धून सुचवतो आणि पट्टी सांगतो. ‘ओल्ड जो क्लार्क’ म्हटले की ए पट्टी, आणि तिच्यात खमाज थाटाप्रमाणे कोमल निषाद येतो, हे जाणत्यांना ठाऊकच असते. नवखा वादक शेजाऱ्याच्या डाव्या हाताकडे पाहून ते ओळखतो. धून बहुधा दोन भागांची असते आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. सुचवणारा सुरुवात करतो, मग एकेक वादक क्रमाने ब्रेक घेतो, म्हणजे एक आवर्तन एकट्याने वाजवतो. ज्याला नको असेल तो मान हलवून पाळी पुढे देतो आणि त्यात कमीपणा मानला जात नाही. दुसऱ्याचा ब्रेक चालू असताना आपला आवाज त्याच्या खाली ठेवणे हा सर्वांत कडक नियम होय. शेवट जवळ आला की सुरुवात करणारा पाय उचलून इशारा देतो आणि अनोळखी माणसांचा तो समूह एकाच ठोक्यावर थांबतो.

केवळ मँडोलिनवादकांच्या मेळाव्यात हेच नियम अधिक कसास लागतात. बास किंवा गिटार मोजकीच असतात आणि वीस जणांनी एकदम चॉप धरला, तर धून त्याखाली चिरडून जाते. म्हणून एक-दोघांनी चॉप सांभाळायचा, काहींनी ट्रेमोलोवर दुसरा स्वर धरायचा आणि बाकीच्यांनी हळू आवाजात मूळ चाल वाजवायची, अशी वाटणी आपसांत करावी लागते. एरवी संचात एकटेच मँडोलिनवादक असणाऱ्यांना आपल्या वाद्याची इतकी कामे येथेच प्रथम कळतात. २००४ मध्ये डेव्हिड ग्रिसमन आणि माइक मार्शल या मँडोलिनवादकांनी कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे सुरू केलेल्या मँडोलिन सिम्पोझियममध्ये ब्लूग्रासबरोबरच जॅझ आणि ब्राझीलचे शोरो यांचेही वर्ग होत. टेनेसीतील मन्रो मँडोलिन कॅम्पचा भर मात्र मन्रो यांच्या शैलीवरच आहे.

जुन्या वाद्यवृंदांची शाखाही खुंटलेली नाही. १९८६ मध्ये नॉर्मन लेव्हिन यांनी स्थापन केलेली क्लासिकल मँडोलिन सोसायटी ऑफ अमेरिका दरवर्षी वेगळ्या शहरात अधिवेशन भरवते. तेथे सर्व सहभागींचा मिळून एक महावाद्यवृंद बसतो. त्यांना स्वरलिपी आधी मिळते, अधिवेशनात तालमी होतात आणि अखेरीस जाहीर कार्यक्रम होतो. ब्लूग्रासच्या कोंडाळ्यात कानाने शिकायचे आणि येथे कागदावरून वाचायचे, हा फरक मोठा आहे; पण शेजाऱ्याचा ट्रेमोलो ऐकून आपला ट्रेमोलो त्यात मिसळायचा, हे दोन्हीकडे सारखेच आहे, आणि ते कोणत्याही स्वरलिपीत लिहून देता येत नाही.

भारतात या वाद्याने वेगळी वाट धरली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ते ध्वनिमुद्रणाच्या वाद्यवृंदात स्थिरावले. संगीतकार सज्जाद हुसेन हे स्वतः श्रेष्ठ मँडोलिनवादक होते आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर यांची कारकीर्दही मँडोलिनवादनानेच सुरू झाली. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी जोडतारा काढून टाकून पाच सुट्या तारांचे विद्युत मँडोलिन घडवले आणि कर्नाटक संगीतातील गमके त्यावर उमटवली. म्हणजे येथे मँडोलिन स्टुडिओत किंवा एकल मैफलीत वाढले; हौशी वादकांची, पाळीपाळीने वाजवण्याची सार्वत्रिक प्रथा मात्र त्याभोवती रुजली नाही. उत्तम वादक घडूनही वाद्य घरोघरी का पोचले नाही, याचे एक उत्तर या फरकात असावे.

एका वाद्याची विद्या टिकवण्यासाठी श्रेष्ठ कलावंत लागतात, तसेच त्यांच्या भोवती बसून चुकतमाकत वाजवणारे पुष्कळ सामान्य वादकही लागतात. ते नवी वाद्ये विकत घेतात, म्हणून कारागीर टिकतात. ते जुन्या धुना मागतात, म्हणून त्या विसरल्या जात नाहीत. आणि त्यांच्यातूनच कधीतरी पुढचा श्रेष्ठ वादक उभा राहतो. गुरूसमोर बसून शिकण्याचे मोल मराठी रसिकांना नव्याने सांगावे लागत नाही, परंतु आपल्याच बरोबरीच्या माणसांसमवेत बसून शिकण्याची सोय करणे हेही संस्कृतीचे तितकेच गंभीर कार्य आहे. मँडोलिनच्या मेळाव्यांनी ते वर्षातल्या मोजक्या शनिवार-रविवारांच्या बळावर, कोणत्याही विद्यापीठाची पदवी न देता करून दाखवले आहे. जेथे एखादे वाद्य काही थोड्या हातांतच उरले आहे, तेथे ही पद्धत उचलण्यासारखी आहे.