एक बेट, एक कुटुंब

‘बेट घेणे’ हा शब्दप्रयोग अलीकडे आपल्या बैठकीच्या खोल्यांतही ऐकू येऊ लागला आहे. आजोबांची पंच्याहत्तरी असते, किंवा आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होतात. एक मुलगा पुण्यात, दुसरा परदेशात, मुलगी बंगळूरला. ज्या वाड्यात उन्हाळ्याच्या सुटीत वीस-बावीस पोरे एका ओळीत झोपत, त्या जागी आता सदनिका उभ्या आहेत. मग घरातला मिळवता मुलगा म्हणतो, मालदीवला एखादे बेटच आठवडाभर घेऊ; सगळे जमू, जुन्या स्नेह्यांची दोन कुटुंबेही बरोबर येतील. खर्चाचा आकडा ऐकून बहुतेकांची बोलणी तेथेच थांबतात, हे उघड आहे. पण ज्यांची थांबत नाहीत, त्यांनी आणि आपण चित्रे पाहून समाधान मानणाऱ्यांनीही एक प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे: बेट घेतले म्हणजे नेमके काय घेतले?

प्रथम भूगोल. कन्याकुमारीच्या पश्चिमेस आपल्या लक्षद्वीपातले मिनिकॉय आहे, आणि त्याच्या दक्षिणेस विषुववृत्ताच्या पलीकडेपर्यंत आठशेहून अधिक किलोमीटर ही माळ पसरली आहे. बेटांची संख्या 1,192 सांगतात. पण ही सारी बेटे एकत्र रचली तर जमीन भरते सुमारे 300 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी. वस्तीची बेटे त्यांतली दोनशेच्या आत. तेथील धिवेही भाषा सिंहलीची बहीण, आणि म्हणून आपल्या मराठीचीही दूरची नातलग आहे; माशाला ती ‘मस’ म्हणते, तेव्हा नाते सांगावे लागत नाही. दुसरे एक नाते आपण रोज बोलून दाखवतो. बंगालपासून आफ्रिकेपर्यंत नाणे म्हणून जी कवडी शतकानुशतके चालली, तिचा मोठा पुरवठा याच बेटांतून होई. 1343 साली येथे येऊन काही काळ काझीचे काम केलेल्या इब्न बतूताने त्या व्यापाराची नोंद करून ठेवली आहे. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो त्या कवडीचे एक माहेर मालदीव होय.

या बेटांना दगड नाही, डोंगर नाही, नदी नाही. जे आहे ते प्रवाळाने बांधलेले. बुडत गेलेल्या जुन्या ज्वालामुखी भूमीच्या काठाने प्रवाळाचे कीटक वर वर बांधत राहिले, आणि मधली भूमी पाण्याखाली गेल्यावर कडे तेवढे उरले, अशी उपपत्ती चार्ल्स डार्विनने 1842 साली मांडली. मालदीवच्या बाबतीत हिमयुगांतील समुद्राच्या चढउताराचाही त्या कड्याच्या आकारात मोठा वाटा असल्याचे पुढे दिसून आले. अशा कंकणाकृती द्वीपसमूहाला जगभर जो ‘अटॉल’ शब्द रूढ आहे, तो मूळ धिवेहीतलाच. या कंकणावर साचलेली वाळू म्हणजे बेट. आणि ती पांढरी शुभ्र वाळू कोठून येते? तिचा मोठा भाग पोपटमाशाच्या पोटातून येतो! हा मासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा खडक कुरतडतो, त्यावरचे शेवाळ पचवतो आणि उरलेले पीठ बाहेर टाकतो. मालदीवच्या वक्करू बेटाभोवती झालेल्या अभ्यासात, तेथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी 85 टक्क्यांहून अधिक या माशाची असल्याचे 2015 साली प्रसिद्ध झाले. नातवंडे ज्या वाळूत किल्ला करतील तिचा हा इतिहास त्यांना जरूर सांगावा. मुलांना तो फार आवडतो.

ही वाळू एका जागी बसत नाही, हे मात्र मोठ्यांनी ध्यानात घ्यावे. नैर्ऋत्य मोसमी वारे सुटले की किनारा बेटाच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला सरकतो, आणि ईशान्येचे वारे आले की पुष्कळसा परत येतो. बा नावाच्या द्वीपसमूहातल्या तेरा बेटांवर संशोधकांनी ही ये-जा मोजून पाहिली आहे. म्हणजे जानेवारीतल्या छायाचित्रात दिसणारी रुंद चौपाटी जुलैत त्याच खोलीसमोर असेलच, असे नाही. बेट जिवंत असल्याचे हे लक्षण आहे. पण एकदा त्यावर पक्के घर बांधले की मालकाला ती हालचाल नकोशी होते. मग भिंती घालाव्या लागतात, पंपाने वाळू ओढून आणावी लागते, आणि एका अंगाला सावरलेला किनारा दुसऱ्या अंगाला खचू लागतो.

आता पाण्याकडे वळू, कारण बेटाचे सारे गुपित पाण्यात आहे. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोडे पाणी किंचित हलके असते एवढेच त्याचे कारण. हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक फूट असेल तर ते समुद्रपातळीखाली सुमारे चाळीस फूट जाऊ शकते. भिंगासारख्या आकाराचा हा साठा प्रत्यक्षात लहान बेटावर याहून पुष्कळच पातळ असतो, कारण भरती-ओहोटी त्यात सतत खारे पाणी मिसळत असते. विहिरीतून बेताने उपसा केला तर शंभर-दोनशे माणसांचे गाव त्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगले. पण वीस पाहुण्यांची न्हाणीघरे, पोहण्याचे तलाव आणि हिरवळ त्यावर जगणे अशक्य. म्हणून समुद्राचेच पाणी मोठ्या दाबाने पडद्यातून दाबून गोडे करतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असते. ते वेगळे करायला हजार लिटरमागे चांगल्या यंत्रालाही तीन-चार युनिट वीज लागते. बेटावर वीज येते मुख्यतः डिझेलपासून. तेव्हा ढोबळ मानाने हजार लिटर पाण्यामागे लिटरभर डिझेल जळते असे धरायला हरकत नाही. काही ठिकाणी आता छपरांवर सौरपट्ट्या आल्या आहेत, तरी रात्री यंत्रघराची घरघर बहुधा चालूच असते. ती पाहुण्यांना ऐकू येऊ नये, इतक्या दूर झाडीत ते बांधलेले असते, इतकेच.

हे किती नाजूक आहे ते 4 डिसेंबर 2014 रोजी राजधानी मालेने अनुभवले. पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि सुमारे लाखभर माणसांचे नळ कोरडे झाले. तेव्हा भारताने विमानांतून आणि नौदलाच्या जहाजांतून पाणी पाठवले. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या शहराला विमानाने पाणी!

हा व्यवसाय येथे सुरू झाला तो 1972 साली. इटलीच्या एका प्रवासी व्यावसायिकाबरोबर थोडे पाहुणे आले, मालेतल्या तरुणांनी त्यांची घरगुती सोय केली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘कुरुंबा’ हे पहिले रिसॉर्ट उघडले. कुरुंबा म्हणजे शहाळे. पुढे धोरण ठरले: एका बेटावर एकच रिसॉर्ट, आणि तेही वस्ती नसलेल्या बेटावर. बेट सरकारचे, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेले. म्हणजे ज्याला आपण खाजगी म्हणतो ते बेट चालवणाऱ्याच्याही मालकीचे नसते, तो भाडेकरू. आणि आपण भाडेकरूचे भाडेकरू. या धोरणाचा एक हेतू मुसलमान समाजाचे रीतिरिवाज आणि पाहुण्यांचे मद्यपान यांच्यात समुद्राचे अंतर ठेवण्याचा होता. वस्तीच्या बेटावर आजही मद्य मिळत नाही. व्यवस्था चतुर होती खरी. पण तिच्यामुळे देशाच्या मुख्य उत्पन्नाची जागा आणि देशातली माणसे वेगवेगळ्या बेटांवर राहिली. 2024 साली वीस लाखांहून अधिक प्रवासी या देशात आले. देशाची वस्ती आहे पाच लाखांच्या थोडी वर.

याच धोरणाची शेवटची पायरी म्हणजे एका कुटुंबाला एक बेट. बा द्वीपसमूहातले वोआवाह हे त्याचे चांगले उदाहरण. पाच एकरांच्या आसपास जमीन, सात शय्यागृहे, आणि एका वेळी एकच मंडळी. आसपासचा समुद्र 2011 पासून युनेस्कोने जीवावरण क्षेत्र म्हणून नोंदलेला आहे. तेथून जवळच हनिफरू नावाचा उपसागर आहे, आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत तेथे अजस्र पंखांचे मांटा मासे जमतात. पाठीवर हवेची टाकी लावून त्यात उतरण्यास मनाई आहे. वरून तरंगत पाहायचे.

अशा जागी तीन पिढ्या का रमतात हे समजणे कठीण नाही. रस्ता नाही म्हणून वाहन नाही. चार वर्षांचे पोर नजरेआड झाले तरी ते कोठल्या हद्दीत आहे हे ठाऊक असते. आजीला पायऱ्या चढायच्या नाहीत, दुपारच्या झोपेला गोंगाट नाही. कोणी कोणाकडे उतरायचे, कोणाच्या स्वयंपाकघरात कोणी राबायचे, हा आपल्या एकत्र जमण्यातला जुना काटा येथे नाहीसा होतो. आयुष्यभर सर्वांना वाढून मग जेवलेल्या बाईला सर्वांबरोबर बसता येते. ही लहान गोष्ट नव्हे. मात्र पळवाटही नसते. वाड्यात भावाशी बिनसले तर गावात चक्कर मारून येता येई. येथे दहा मिनिटांत पुन्हा त्याच भावासमोर! म्हणून सर्व जेवणे एकत्रच, असा हट्ट वडीलधाऱ्यांनी धरू नये हे बरे.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी. दूरच्या बेटांकडे नेणारी पाण्यावरची लहान विमाने फक्त दिवसाउजेडी उडतात. मुंबईहून विमान संध्याकाळी पोचणारे असेल तर पहिली रात्र मालेजवळ काढावी लागेल, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना हलत्या तराफ्यावरून विमानात चढावे लागेल हे आधीच सांगावे. बेटाच्या आतल्या बाजूचे उथळ पाणी शांत असते, पण प्रवाळकड्यातल्या खिंडींतून भरती-ओहोटीचे पाणी जोराने वाहते. चांगला पोहणाराही तेथे वाहून जातो. हृदयविकाराच्या माणसाने जवळच्या डॉक्टरापर्यंत किती वेळ लागतो, आणि रात्री किती, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. आणि मुलांना प्रवाळावर उभे राहू देऊ नये. 1998 आणि 2016 साली समुद्र तापला तेव्हा उथळ पाण्यातले बरेचसे प्रवाळ पांढरे पडून मेले. जे सावरते आहे ते पायाखाली मोडायला एक क्षण पुरतो.

राहिली माणसे. तांदूळ, भाजी, दूध, गाद्या, खिळे, जवळजवळ सर्व काही होडीने येते. ते उतरवून घेणारे, यंत्रघर चालवणारे, पहाटे वाळूवरची पाने झाडणारे, स्वयंपाकी, नावाडी. असल्या बेटांवर बहुधा खोलीमागे एकाहून अधिक माणसे कामाला असतात. त्यांतली कित्येक बांगलादेश, भारत, श्रीलंका, नेपाळ येथली. उरलेली मालदीवच्याच दूरच्या बेटांवरची. कामाच्या बेटावर त्यांना कुटुंब आणता येत नाही. वस्तीगृहात राहायचे आणि रजा मिळाली की घरी जायचे. मालदीवच्या स्त्रिया या कामात थोड्या दिसतात, कारण घरापासून दूर बेटावर राहणे हीच कामाची अट. तेव्हा आजोबांच्या पंच्याहत्तरीला जो तरुण केक घेऊन येतो, तो स्वतःच्या वडिलांना महिनोन्‌महिने भेटलेला नसण्याचा संभव पुष्कळ. आपली तीन पिढ्यांची पंगत बसते ती काही प्रमाणात दुसऱ्यांच्या घरी पाने रिकामी राहतात म्हणून. त्याला बक्षिसी दिल्याने हा हिशेब फिटतो असे मला वाटत नाही. पण त्याचे नाव, त्याचे बेट, घरी कोण कोण आहे, हे न विचारता आठवडा काढणे तर फारच वाईट.

आणि मागे राहतो तो कचरा. मालेच्या पश्चिमेस काही किलोमीटरवर थिलाफुशी नावाचे उथळ खारकच्छ होते. 1992 पासून राजधानीचा आणि रिसॉर्टांचा कचरा तेथे टाकू लागले, आणि टाकता टाकता त्याचे बेट झाले. मालदीवमध्ये माणसाने बनवलेले हेही एक बेटच. त्याचे चित्र पत्रिकेवर छापत नाहीत.

2009 च्या सुमारास सरकारने धोरण सैल केले आणि वस्तीच्या बेटांवरही पाहुण्यांची घरे उघडण्यास मुभा मिळाली. माफुशी, धिगुरा, थुलुसधू ही नावे आता प्रवाशांच्या तोंडी आहेत. तेथे खर्च कितीतरी कमी. विहीर, शाळा, मशीद, मासे घेऊन परतणाऱ्या होड्या, सारे डोळ्यांसमोर. पोशाखाचे नियम पाळावे लागतात, आणि एकांत मिळत नाही. माझा कल या दुसऱ्या प्रकाराकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. निदान सात दिवसांतले दोन तेथे काढावेत. संध्याकाळी झाडाला टांगलेल्या लाकडी झोपाळ्यावर घरोघरच्या बायका, म्हातारी माणसे आणि मुले बसलेली दिसतात. त्या झोपाळ्याला धिवेहीत ‘उंधोळी’ म्हणतात, ऐकायला आपल्या हिंदोळ्याच्या जवळचे. आपल्या आजीबाईंना सरकून जागा करून देतात. भाषा कळत नसली तरी मुले किती, नातवंडे किती, हे बोटांवर सांगता येते, आणि मुलगा कोठे असतो असे विचारले तर समुद्राकडे हात दाखवतात: त्या बेटावर, कामाला.