जुन्या बुलेटचं टायमिंग, घरच्या घरी

कास्ट आयर्न इंजिनाची पॉइंटवाली बुलेट ३५० किक मारताना पाय उलटा फेकत असेल, तर टायमिंग बहुधा पुढे गेलेलं असतं. मागे पडलं की ओढ कमी होते आणि इंजिन तापतं.

आधी पॉइंटचा गॅप. फिलर गेजने तो ०.३५ ते ०.४० मिमी ठेवायचा. गॅप बदलला की टायमिंगही सरकतं, म्हणून हा क्रम चुकवू नये.

मग प्लग काढून, वरच्या गिअरमध्ये मागचं चाक हळूहळू फिरवत पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकवर आणायचा. दोन्ही पुशरॉड बोटांनी मोकळे फिरले की स्ट्रोक बरोबर आहे. टायमिंगची जागा पिस्टनच्या सर्वोच्च बिंदूआधी ०.८ मिमी. तिथे चाक मागून पुढे आणतच पोचायचं, म्हणजे गिअरांमधला ढिलेपणा मोजमापात येत नाही.

आता बुलेटची खरी गंमत: हेडलाइटवरचा ॲमीटर! इग्निशन चालू ठेवून पॉइंटची प्लेट सावकाश फिरवायची. पॉइंट जुळलेले असताना काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडताच शून्यावर येतो. नेमक्या त्या क्षणी प्लेटचे स्क्रू आवळायचे.

काम झाल्यावर इग्निशन लगेच बंद करावं, नाहीतर कॉइल तापते.