छातीवरचे नाव आणि खांद्यातले आर्मर

(लेखांक नववा)

मागील लेखांकात बनावट सुट्या भागांचा, विशेषतः ब्रेक-शू आणि क्लच-प्लेट यांचा विचार झाला. या आठवड्यात यंत्र बाजूस ठेवून यंत्रावर आरूढ होणाऱ्या मनुष्याच्या अंगावरील वस्त्रांकडे वळावयाचे आहे. पावसाळ्यात रविवारी पहाटे कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एमएच ०४ आणि एमएच ०५ या क्रमांकांच्या मोटारसायकलींचे जथे दिसू लागतात, आणि त्यांवरील तरुणांच्या छातीवर, पाठीवर, हातमोज्यांवर व टोप्यांवर रॉयल एन्फील्ड, हार्ले-डेव्हिडसन, आल्पाइनस्टार्स, डायनीज अशी नावे ठळक अक्षरांत झळकत असतात. हीच नावे ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या स्थानकांबाहेरील पथाऱ्यांवर आणि मोबाइलच्या पडद्यावरील जाहिरातींत अस्सल किमतीच्या अल्पशा हिश्शात मिळतात, व तेथे त्यांस ‘फर्स्ट कॉपी’ असे बिनदिक्कत म्हटले जाते. ज्या तरुणाच्या पगाराचा मोठा भाग गाडीच्या हप्त्यांत जातो, त्याला हा दर मोहात पाडतो यात नवल नाही, आणि त्याला दोष देण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. त्याने पैसे कशासाठी मोजले आणि त्याच्या हाती प्रत्यक्षात काय आले, एवढाच हिशेब त्याच्यापुढे स्वच्छ मांडावा, असा हेतू आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. टी-शर्ट, टोपी, बिल्ला, किल्लीची साखळी या शोभेच्या वस्तू होत. त्यांवरील नाव खोटे निघाले तर ग्राहकाचे थोडे पैसे जातात आणि चिन्हाच्या मालकाच्या लौकिकाची चोरी होते. जॅकेट, पँट, हातमोजे आणि बूट यांची गोष्ट निराळी आहे. त्यांवरील नाव हा एक दाखला असतो. हे कापड घासून पाहिले आहे, ही शिवण ताणून पाहिली आहे, या खांद्याच्या गादीवर आघात करून तिच्यातून किती बल पार गेले ते मोजले आहे, अशी हमी त्या नावामागे कोणीतरी दिलेली असते. खोट्या जॅकेटवर ते नाव हुबेहूब उतरते, परंतु परीक्षा मात्र झालेलीच नसते. म्हणून पहिल्या वर्गातील फसवणूक मी दिवाणी स्वरूपाची हानी मानतो आणि दुसऱ्या वर्गातील फसवणूक शरीराविरुद्धचा अपराध मानतो. कायद्याची दृष्टीही यापासून फार दूर नाही, हे पुढे दिसेल.

नकली नावाचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्यात उल्हासनगरचे नाव निघतेच, आणि ते बहुधा थट्टेने घेतले जाते. फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे नगर झाले. घरदार आणि पेढ्या मागे टाकून आलेल्या या लोकांनी बराकींमध्येच उद्योग मांडले, आणि त्या काळात मालावर ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का मारून, विचारणाऱ्यास त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा सांगितला जाई, ही कथा कल्याण-डोंबिवलीतील प्रत्येक पिढीने ऐकलेली आहे. पुढे याच नगरात जीन्सच्या शिलाईचा प्रचंड धंदा उभा राहिला, आणि जाड कापडावर सरळ, घट्ट, दुहेरी शिवण घालणारे कसबी हात येथे हजारोंनी तयार झाले. त्या कथेवर हसणाऱ्यांस माझे सांगणे असे, की तिच्यातील खरी हानी अमेरिकेची झाली नाही. ती त्या कारागिरांची झाली, कारण उत्तम शिवलेला मालही परक्या नावाने विकला गेला की त्याची कीर्ती परक्याच्या खात्यावर जमा होते, आणि अपकीर्ती तेवढी गावाच्या माथी राहते. याच्या उलट उदाहरण आपल्या सीमाभागातच आहे. बेळगावातून ऐंशीच्या दशकात ‘वेगा’ या नावाने हेल्मेटचा उद्योग सुरू झाला, आणि ते नाव आज देशभरच्या दुकानांत लागलेले असते. स्वतःच्या नावाने विकण्यास विलंब लागतो, पण त्या नावाला पुढे मोल येते.

आता परीक्षेकडे वळू. पूर्वी बोधचिन्हाची अक्षरे वेडीवाकडी असणे, स्पेलिंग चुकलेले असणे, रंग उतरलेला असणे ही खोटेपणाची खूण सांगितली जाई. शोभेच्या वस्तूंबाबत तिचा थोडा उपयोग अजूनही होतो. उदाहरणार्थ, हार्ले-डेव्हिडसन हे १९०३ साली मिलवॉकी येथे स्थापन झालेल्या कंपनीचे नाव मध्ये जोडरेघ देऊन लिहिले जाते. तिच्या अधिकृत विक्रेत्यांच्या टी-शर्टांवर पाठीमागे त्या विक्रेत्याचे व गावाचे नाव छापण्याची जुनी प्रथा आहे, आणि नकली मालावर ती पाठ पुष्कळदा कोरी असते किंवा तेथे भलतेच चित्र असते. परंतु संगणकावर चालणारी भरतकामाची यंत्रे आल्यापासून छातीवरचे चिन्ह हा पुरावा राहिलेला नाही. नकली माल करणारा आपले सारे कसब जेथे ग्राहकाची दृष्टी प्रथम पडते तेथे खर्च करतो, आणि जेथे ती पडत नाही तेथे पैसा वाचवतो. तेव्हा जॅकेट हाती घेतल्यावर पहिले काम हे, की ते उलटे करावे.

आतील बाजूस शिवून टाकलेली पट्टी शोधावी. हेल्मेटवर भारतीय मानकाचे चिन्ह सक्तीचे आहे. जॅकेटवर मात्र आपल्याला दिसतो तो बहुधा युरोपीय मानकाचा उल्लेख. अस्सल संरक्षक वस्त्रावर ‘सीई’ ही अक्षरे किमान पाच मिलिमीटर उंचीची, मोटारसायकलस्वाराची लहान आकृती, ‘ईएन १७०९२’ हा मानकाचा क्रमांक आणि त्यापुढे वर्ग लिहिलेला असतो. ‘एएए’, ‘एए’ आणि ‘ए’ या वर्गांचे कापड एका यंत्राला बांधून, वेगाने फिरवून काँक्रीटच्या फरशीवर सोडतात, आणि ते आरपार फाटते की टिकते हे पाहतात. पडताना जे भाग प्रथम व अधिक घासले जातात, त्या भागांसाठी ही परीक्षा ‘एएए’ वर्गात ताशी १२० किलोमीटर, ‘एए’ वर्गात ७० आणि ‘ए’ वर्गात ४५ किलोमीटर वेगाच्या तुल्य असते. ‘बी’ वर्गाचे कापड ‘ए’प्रमाणेच घासून पाहिलेले असते, पण त्यात आर्मर, म्हणजे आघात झेलणारी गादी, नसते; ‘सी’ हा केवळ आर्मर जागेवर धरून ठेवणाऱ्या वस्त्राचा वर्ग होय. ज्या पट्टीवर नुसते ‘सीई’ आहे, मानकाचा क्रमांक नाही, वर्ग नाही, निर्मात्याचे नाव-पत्ता नाही आणि सोबत माहितीपुस्तिकाही नाही, त्या पट्टीला मी कागदाच्या कपट्याहून अधिक किंमत देणार नाही. उलट काही नकली पट्ट्यांवर भारदस्तपणासाठी ‘सीई’पुढे चार अंकांचा क्रमांक छापलेला आढळतो. तो क्रमांक युरोपीय नियमाप्रमाणे तिसऱ्या, म्हणजे सर्वाधिक जोखमीच्या, श्रेणीतील साधनांस लागतो. मोटारसायकलस्वाराचे वस्त्र दुसऱ्या श्रेणीत मोडत असल्याने त्याच्या चिन्हापुढे तो असण्याचे कारण नाही.

यानंतर खांद्याचा आणि कोपराचा कप्पा उघडून आर्मर बाहेर काढावे. दुकानदाराने यास हरकत घेतली, तर त्या दुकानातून बाहेर पडावे, कारण चांगल्या जॅकेटमध्ये ते धुण्यासाठी काढता येईल असेच बसवलेले असते. अस्सल आर्मरच्या अंगातच, साच्यातून उमटलेली अक्षरे असतात: हातापायांच्या आर्मरवर ‘ईएन १६२१-१’, पाठीच्या आर्मरवर ‘ईएन १६२१-२’, खांद्यासाठी ‘एस’, कोपरासाठी ‘ई’, गुडघ्यासाठी ‘के’, आणि पातळी १ की २. या अंकांमागचे गणित वाचकाने समजून घेण्यासारखे आहे. प्रयोगशाळेत ५० ज्यूल ऊर्जेचा आघात त्या गादीवर करतात आणि खालच्या बाजूस किती बल पोहोचले ते मोजतात. हातापायांच्या आर्मरमधून सरासरी ३५ किलोन्यूटनांहून अधिक बल पार न गेल्यास पहिली पातळी, आणि २० किलोन्यूटनांहून अधिक न गेल्यास दुसरी पातळी मिळते. पाठीच्या कण्याचे रक्षण अधिक नाजूक म्हणून तेथे हीच मर्यादा अनुक्रमे १८ आणि ९ किलोन्यूटन आहे. नकली जॅकेटमध्ये त्या जागी बव्हंशी साधा स्पंज निघतो. तो अंगठा व तर्जनी यांमध्ये दाबला तर एका बोटाला दुसरे बोट लागते. असा स्पंज आघात अडवीत नाही, आणि तो अंगावर आहे या विश्वासाने स्वार मात्र वेग वाढवतो. या व्यापारातील सर्वांत क्रूर भाग मला हाच वाटतो.

शिवण आणि चेन यांविषयी थोडक्यात सांगतो. खांदा, कोपर आणि बगल येथील जोडावर दोन-तीन ओळींची शिवण, आणि त्यातली एखादी आतल्या बाजूस झाकलेली, ही चांगली खूण होय; घसरताना कापडाआधी शिवण उसवते, आणि ती उसवली की खालची कातडी उघडी पडते. चेनवर ‘वायकेके’ हे जपानी नाव असणे ही मात्र खूण मानू नये, कारण त्या नावाचीही नक्कल होते आणि अस्सल चेन नकली जॅकेटला लावण्यासही कोणाची आडकाठी नसते. लेदर म्हणून विकलेल्या वस्तूची कापलेली कड पाहावी: चामड्याच्या कडेला गुंतलेले तंतू दिसतात, रेक्झिनच्या कडेला कापडावरचा लेप दिसतो.

‘एक्स्पोर्ट सरप्लस आहे, कंपनीचाच माल, फक्त टॅग कापलेला,’ हे वाक्य या बाजारात वारंवार कानी पडते. ते खरे धरले तरी विचार करावा. छपाई केसभर सरकल्यामुळे नापास झालेला टी-शर्ट घालण्यात धोका नाही. पण संरक्षक जॅकेट निर्यातीतून नापास झाले असेल, तर ते शिवणीसाठी झाले की कापडासाठी, हे कापलेला टॅग सांगणार नाही.

कायदा या बाबतीत दुबळा नाही, पण त्याची चाल समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे मालावरील खोट्या चिन्हांविरुद्धचा कायदा १८८९ पासून आहे, आणि व्यापारचिन्हांची नोंदणी १९४० च्या कायद्यान्वये सुरू झाली. सध्याच्या १९९९ च्या अधिनियमातील कलम १०३ व १०४ यांप्रमाणे खोटे चिन्ह लावणाऱ्यास आणि तसा माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. परंतु त्या कायद्याखाली विनावॉरंट झडती व जप्तीचा अधिकार पोलीस उपअधीक्षक किंवा समकक्ष दर्जाच्या अधिकाऱ्यास आहे, आणि त्यानेही आधी निबंधकाचे मत घेतले पाहिजे. म्हणून बोधचिन्ह ही कलाकृती मानून १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली फिर्याद देण्याचा मार्ग कंपन्यांचे मुखत्यार पुष्कळदा पत्करतात, कारण तेथे उपनिरीक्षकालाही मुद्देमाल जप्त करता येतो. हे सारे चिन्हाच्या मालकाचे उपाय झाले. ग्राहकाचा उपाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. जो माल अस्सल असल्याचे खोटे सांगितले जाते त्यास तो कायदा बनावट माल म्हणतो, आणि कलम ९१ मध्ये शिक्षेची श्रेणी ग्राहकाच्या शरीराला झालेल्या इजेवर बसवतो: साधी इजा झाल्यास एक वर्षापर्यंत, गंभीर दुखापत झाल्यास सात वर्षांपर्यंत, आणि मृत्यू ओढवल्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. यातच एक अडचणही आहे. दुकानदाराने ‘फर्स्ट कॉपी’ असे सांगून विकले आणि आपण ते जाणून घेतले, तर त्याने अस्सलपणाचा दावाच केला नव्हता, असे म्हणण्यास त्याला जागा राहते.

म्हणून पावतीला महत्त्व आहे. पावतीवर कंपनीचे नाव, वस्तूचे वर्णन आणि जीएसटी क्रमांक असावा. महाराष्ट्रातील विक्रेत्याचा क्रमांक पंधरा अक्षरांकांचा असून त्याचा आरंभ २७ ने होतो, आणि तो शासनाच्या जीएसटी संकेतस्थळावर तपासता येतो. घरपोच मागवलेल्या मालाबाबत विक्रेता कोण हे पाहावे, कारण ज्या मंचावर आपण खरेदी करतो तो मंच बहुधा विक्रेता नसतो. विक्रेत्याचा तपशील व मूळ देश दाखविणे आणि तक्रारीची पोच ४८ तासांत देणे त्या मंचावर २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहे.

ज्यांना अस्सल नामांकित जॅकेट परवडत नाही, त्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी खोटे नाव घेऊ नये. त्याच पैशांत मानकाची अक्षरे उमटलेले आर्मर सुटे विकत घ्यावे, आणि ते जाड कापडाच्या, दुहेरी शिवणीच्या, कोणतेही नाव नसलेल्या जॅकेटात बसवून घ्यावे. उल्हासनगरात आणि डोंबिवलीत असे काम चोख करणारे शिंपी आहेत. फसवणूक झालीच असेल, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. ठाणे जिल्हा ग्राहक आयोगापुढे पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे, तोवर पावती व वस्तू दोन्ही जपून ठेवाव्यात. आणि घरात आधीच असलेल्या जॅकेटचे आर्मर पुढच्या फेरीपूर्वी एकदा बाहेर काढून पाहावे. स्पंज निघाला, तर ते जॅकेट धाकट्या भावाला देऊ नये, विकूही नये. पुढील लेखांकात १ जून २०२१ पासून लागू झालेल्या हेल्मेटच्या सक्तीच्या मानकाचा विचार करू.