माथेरानचे छोटे इंजिन आणि कारागिराची अमानत

नेरळहून माथेरानला चढणाऱ्या छोट्या गाडीत मुंबईतील अनेक कुटुंबे कधी ना कधी बसलेली आहेत. पण ही रेल्वे एका मुस्लिम व्यापारी घराण्याने स्वतःच्या पैशाने बांधली, हे आपल्यातील अनेकांना ठाऊक नसते. सर आदमजी पीरभाई हे बोहरा समाजातले. लहान वयात मुंबईच्या रस्त्यावर काडेपेट्या विकून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे लष्कराला तंबू व बूट पुरविणारे मोठे ठेकेदार झाले. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम हाती घेतले आणि १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. खर्च सुमारे १६ लाख रुपये आला. रुळांमधले अंतर अवघे २ फूट, आणि चढ काही ठिकाणी २० फुटांस १ फूट!

या घाटासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्याची चार वाफेची इंजिने आली. तीव्र वळणावर पुढची व मागची चाके थोडी वळावीत अशी खास रचना त्यांत होती. १९८० च्या दशकात वाफ बंद झाली आणि डिझेलच उरले. आज या इंजिनांचे दर्शन नेरळ स्टेशनाजवळ ठेवलेल्या इंजिनात होते, किंवा हौशी लोकांच्या घरातल्या मॉडेलमध्ये.

धंदा कुठे आहे?

अशी मॉडेल जुनी झाली की रंग उडतो, पितळ काळे पडते. मालकाला ती नव्याने रंगवून हवी असतात. आणि गंमत म्हणजे रंगवल्यावर पुन्हा ‘वापरलेली’ दिसायला हवी असतात. लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांत स्प्रे गनने शेडिंग करणारे हात, गॅरेजमधले डेंटिंग-पेंटिंगवाले, गिरगाव-दादरकडचे बोर्ड रंगवणारे, या सर्वांना निम्मे काम आधीच येते. उरलेले निम्मे म्हणजे सबुरी.

आधी रंग

सुरुवातीला मॉडेलचे सर्व बाजूंनी फोटो घ्यावेत. मग सुटे होणारे भाग सोडवून डब्यांत क्रमाने ठेवावेत. मॉडेल कशाचे आहे ते तपासावे. पितळ असेल तर थिनर चालतो, प्लॅस्टिक असेल तर तोच थिनर ते वितळवतो. जुना रंग कोरडा घासू नये, त्यात शिसे असू शकते. ओल्या पॉलिश पेपरने, तोंडावर मास्क लावून काम करावे आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

नंतर साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढावा व बोट न लावता वाळवावे. पितळावर साधा प्रायमर टिकत नाही, तेथे एच प्रायमरच हवा. रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर रिबिटा बुजतात आणि मॉडेल खेळणे दिसू लागते. निव्वळ काळा वापरू नये, त्यात थोडा राखाडी मिसळावा. मॉडेल खऱ्या वाफेवर चालत असेल तर बॉयलरला उष्णता सोसणारा रंगच लागतो. पावसाळ्यात लॅकर दुधाळ पडतो, हे मुंबईच्या पेंटरला सांगायला नको.

मग धूळ आणि काजळी

येथे एक नियम पुरतो: खालून माती, वरून काजळी. माथेरानची माती लाल. म्हणून चाके, चौकट व पायऱ्या यांवर पातळ तांबूस हात फिरवावा आणि कापडाने पुसून घ्यावा. कोपऱ्यांत उरेल तेवढाच खरा. धुराड्याच्या तोंडाशी व छपरावर काळी पूड. वाफेच्या झडपेखाली पाण्याच्या क्षाराचे पांढुरके ओघळ. ड्रायव्हरचा हात जेथे रोज लागतो ती दांडी मात्र चकचकीत. चाके जोडणाऱ्या दांड्यांना गंज दाखवू नये; त्यांना रोज तेल मिळत असे, तेथे तेलाची काळसर चमक हवी. शेवटी मॅट वार्निशचा हलका हात. चालत्या मॉडेलच्या सांध्यांत पूड जाऊ देऊ नये. आणि वेळीच थांबावे, हेच सर्वांत अवघड.

खरी कसोटी

मॉडेल जुने आणि त्याचा मूळ रंग शाबूत असेल, तर नव्या रंगाने संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत वाढत नाही, घटते. ग्राहकाला हे माहीत नसते, कारागिराला असते. न सांगता काम घेतले तर दोन पैसे मिळतील. पण दुरुस्तीला आलेली वस्तू ही अमानत आहे. आधी सांगावे, मग त्याने ठरवावे.

दुसरा मोह याहून मोठा. जो हात नव्या इंजिनाला जुने रूप देतो, तोच ते ‘साहेबाच्या जमान्यातले’ म्हणून विकूही शकतो. मालाचा दोष झाकून विकणे आपल्या दीनमध्ये मना आहे. म्हणून बिलावर ‘नव्याने रंगवलेले’ असे स्पष्ट लिहावे आणि तळाशी तारीख घालावी. निर्जीव वस्तूची प्रतिकृती असल्याने या कामाबद्दल मनात शंका बाळगण्याचे कारण नाही; शंका असेल तर ती फक्त बिलाची.

दर ठरवताना रंगाचा नव्हे, तासांचा हिशेब धरावा. रंग थोडाच लागतो, वाळण्याची वाट पाहण्यात दिवस जातात. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी व ठरलेले सर्व लिहून ठेवावे.

काडेपेटीपासून रेल्वेपर्यंत गेलेल्या माणसाची बाजारात पत होती, म्हणूनच ठेके मिळत गेले. आपल्या हातातले इंजिन वीतभर लांबीचे असेल, पत मात्र तेवढीच मोठी ठेवता येते.