झडलेले पर पुन्हा येतात

रमजान ईदच्या ईदीतून आमच्या धाकट्याने मासा आणला. निळा फायटर. काचेच्या गोल भांड्यात सोडला तेव्हा त्याची शेपटी ओढणीसारखी पसरायची. तीन आठवड्यांत तिच्या कडा काळपट झाल्या, विरल्या, आणि मासा तळाशी बसून राहू लागला. "अम्मी, हा मरणार का?" पोराने विचारले. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली. दुखणे पाण्याचे आहे, हे मात्र सांगितले नाही.

फायटर पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतो. त्यामुळे तो लहान भांड्यात तग धरतो, आणि तग धरतो म्हणून लोक त्याला तिथेच ठेवतात. पण विष्ठा आणि उरलेले दाणे कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. थोड्या पाण्यात तो झपाट्याने साठतो, परांची नाजूक त्वचा होरपळते आणि पाण्यातले जंतू तिथे शिरतात. अशा वेळी नुसते औषध ओतणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून फरशी पुसणे.

आधी पर नीट पाहावेत. कड काळी, पांढुरकी किंवा लालसर होऊन रोज थोडी झिजत असेल तर ती कुज. सरळ चीर असेल तर पर कशात तरी अडकून फाटला आहे. प्लॅस्टिकच्या झाडावरून जुन्या नायलॉनच्या ओढणीचा तुकडा फिरवून बघा. ओढणी अडकली, तर परही अडकणार. ते झाड काढून टाका.

आता पाणी. निदान पंधरा-वीस लिटरची टाकी हवी. मासा आजारी असेतोवर रोज चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशाला बाधते, म्हणून अँटी-क्लोरीनचे थेंब घालूनच ते ओतावे. सगळे पाणी एकदम फेकून टाकी घासूनपुसून लख्ख करण्याचा मोह आम्हा बायकांना फार होतो, तो आवरावा. फिल्टरच्या स्पंजात अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू राहतात. स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नव्या टाकीत हे जिवाणू जम बसवायला चार ते सहा आठवडे घेतात.

पाणी 26 ते 28 अंशांवर ठेवावे; थंडीत त्यासाठी छोटा हीटर लागतो. कुज वाढत असेल तर लिटरमागे एक ग्रॅम साधे खडे मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून हळूहळू घालावे. पाणी बदलताना जेवढे पाणी काढले, तेवढ्यापुरतेच मीठ पुन्हा घालायचे, कारण मीठ उडून जात नाही. आठ-दहा दिवसांनंतर ते बंद. एरवी टाकीतले काढलेले पाणी कुंड्यांना उत्तम, पण हे खारे पाणी नको. निळे औषध द्यायचेच तर वेगळ्या भांड्यात द्यावे, नाहीतर ते फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारते. माणसांच्या अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून घालू नयेत. कुज अंगापर्यंत पोचली तर मासे जाणणाऱ्या पशुवैद्याला विचारावे. पराचे मूळच गेले तर तो भाग सहसा परत येत नाही.

एका माशासाठी एवढा खटाटोप? असे आमच्या घरातही कुणी म्हणाले. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाचा, अबू उमैरचा, पाळलेला छोटा पक्षी मेला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या लहानग्याची मायेने विचारपूस केली होती. आणि मांजर कोंडून ठेवून तिला ना खाऊ घालणाऱ्या, ना सोडणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतोच. मासा तर कायमचाच कोंडलेला. त्याचे पाणी बिघडले तर त्याने जायचे कुठे?

आमच्या फायटरने पाचव्या दिवशी दाणे घेतले, दोन-तीनच दिले. दुसऱ्या आठवड्यात शेपटीच्या कडेला काचेसारखी पारदर्शक पट्टी दिसली. धाकटा घाबरला, त्याला ती बुरशी वाटली. ती नव्या पराची वाढ होती. रंग नंतर भरतो, पूर्ण शेपटीला महिने लागतात. सध्या ती अर्धी निळी, अर्धी बिनरंगी आहे.