सूर्याच्या भट्टीतील धूळ

माझा थोरला भाऊ चाकणच्या औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगचे काम करतो. बंदुकीतून रंगाची कोरडी पूड उडते, तिच्यावर विद्युतभार चढतो आणि आकड्याला टांगलेल्या, अर्थिंग दिलेल्या पत्र्याला ती आपण होऊन चिकटते. थोडी दादाच्या भुवयांवर बसून घरी येते. अणुसंमीलनाच्या यंत्रातील धुळीविषयी वाचताना मला प्रथम या भुवयाच आठवल्या. मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाच्या जाणकारांनी चूकभूल सांभाळून घ्यावी.

सूर्यात हायड्रोजनची अणुकेंद्रे एकत्र येऊन ऊर्जा निर्माण होते. तेच पृथ्वीवर घडवण्यासाठी टोकामॅक नावाच्या कंकणाकृती यंत्रात वायू इतका तापवतात की त्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात. हाच प्लाझ्मा. ही ऊर्जा दोन दशकांत काबूत येईल, असे भाकीत होमी भाभांनी १९५५ साली जिनिव्हा परिषदेत केले होते. ते काही खरे ठरले नाही. पण गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ टोकामॅक १९८९ मध्ये सुरू झाला, आणि फ्रान्समधील ‘ईटर’ प्रकल्पात भारत भागीदार आहे. तेथे १५ कोटी अंश तापमान गाठायचे आहे.

एवढ्या आगीत धूळ येते कुठून? भिंतींतून. कणांच्या माऱ्याने भिंती झिजतात, उडालेले अणू दुसरीकडे थराने साचतात, त्या थराचे पोपडे निघतात. प्लाझ्मा अचानक कोसळला, तर वितळलेल्या धातूचे थेंबही उडतात.

येथे बंदूक नाही, तरी भार चढतोच. इलेक्ट्रॉन प्रोटॉनहून सुमारे १८३६ पट हलका, म्हणून चपळ. धूलिकणावर आधी तोच आदळतो. कण ऋणभारित होतो, मग पुढल्या इलेक्ट्रॉनांना दूर लोटतो आणि धन आयनांना ओढतो. दोहोंची आवक सारखी झाली की भार स्थिरावतो. फार तापलेला कण मात्र स्वतःच इलेक्ट्रॉन फेकू लागतो. वाहते आयन कणाला रेटत नेतात. एका अंगाने जास्त वाफ झाली, तर तो अग्निबाणासारखा उलट दिशेला सुटतो. आतवर पोचला की त्याची वाफ होते, आणि टंगस्टनसारख्या जड धातूचे अणू ऊर्जा किरणांवाटे उधळून प्लाझ्मा थंड करतात.

“मग झाडून का काढत नाहीत?” दादाने विचारले. पात्र बंद व निर्वात. धुळीत किरणोत्सारी ट्रिटियम मुरलेले. माणूस आत जाऊ शकत नाही, यंत्राचे हात पाठवावे लागतात. शिवाय तापलेल्या धुळीवर पाणी गळले, तर हायड्रोजन तयार होऊन स्फोटाचे भय. म्हणून ईटरच्या पात्रात एक टनाहून अधिक धूळ साठू द्यायची नाही, अशी मर्यादा घातली आहे.

दादाने बोटांवर हिशेब केला. “म्हणजे आमचे पंचवीस किलोचे चाळीस खोके,” तो म्हणाला, आणि तोंड धुवायला मोरीवर गेला.